३५ रुपये ४० पैसे

शनिवारी सकाळी पेपर आला की आमच्याकडे आधी नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडतं. अग्रलेख, क्रिकेट, राशिभविष्य सगळं नंतर. 'शनि. दु. १२.३०, रवि. रा. ९.३०, बालगंधर्व, प्लॅन चालू' एवढ्या ऐवजावर माझे सासरे, म्हणजे अण्णा, पुढच्या दोन आठवड्यांचे बेत आखतात. जाहिरातीच्या तळाशी तिकीटबारीच्या वेळा असतात, फोन बुकिंगचा नंबर असतो आणि हल्ली कोपऱ्यात तिकिटांच्या एका ॲपचं चिन्ह असतं. घरातली भांडणं त्या कोपऱ्यातून निघतात.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. बँक सुटली, पण खतावणी सुटली नाही. लाल पुठ्ठ्याच्या वहीत प्रवास, खाणे, औषधे, करमणूक अशी खाती आहेत आणि रात्री जेवणानंतर त्यांत नोंदी होतात. ही वही आमच्या घरात पोथीच्या खालोखाल मानाने ठेवली जाते. नाटकाला गेलो की तिकिटाचे पैसे करमणुकीत, रिक्षाचे प्रवासात आणि मध्यंतरातल्या बटाटावड्याचे खाण्यात जातात. खर्चाबद्दल अण्णांची कधीच तक्रार नसते. खर्चाला खातं मिळालं की ते निवांत झोपतात.

त्या दिवशी माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, कशाला खिडकीवर जाताय? दोन मिनिटांत काढते." आणि तिने खरंच काढायला घेतली. आधी शहर, मग नाटक, मग तारीख. मग खुर्च्यांचा नकाशा उघडला. रिकाम्या खुर्च्या पांढऱ्या आणि गेलेल्या करड्या. अण्णांनी चष्मा वर करून मधल्या रांगेतल्या चार खुर्च्या पसंत केल्या. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं. मुलगी नाव, मोबाइल नंबर, ईमेल भरत होती आणि मी बँकेच्या ओटीपीची वाट बघत माझा फोन हवेत धरून उभी होते, कारण आमच्याकडे रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येते.

शेवटी रक्कम आली. १७४१ रुपये ६० पैसे.

"तिकीट कितीचं आहे?" अण्णांनी विचारलं.

"चारशे."

"चार चोक सोळा. वरचे १४१ रुपये ६० पैसे कसले?"

"कन्व्हीनियन्स फी, आजोबा. तिकिटामागे ३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३५ रुपये ४० पैसे."

"सोय कुणाची झाली?"

"आपली."

"केली कुणी?"

मुलगी गप्प. अण्णांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. खुर्च्या कुणी शोधल्या? आपण. नाव-पत्ता कुणी भरला? आपण. पैसे मोजून कुणी दिले? आपण. तिकीट छापायचं झालं तर कागद, शाई, वीज कुणाची? आपलीच. "बँकेत ही कामं काउंटरवरचा माणूस करायचा," अण्णा म्हणाले, "आणि महिन्याच्या शेवटी बँक त्याला पगार द्यायची. त्याच्याकडून घ्यायची नाही."

एवढ्यात उलटं घड्याळ शून्यावर आलं, खुर्च्या सुटल्या, आणि फीचा प्रश्न निदान त्या दिवसापुरता मिटला.

मिटला असं मी म्हणते. अण्णांनी तो रात्री वहीत उघडला. त्यांना सर्वांत जास्त खटकलं होतं ते फी तिकिटागणिक असणं. बटण एकदा दाबलं, ओटीपी एकच आला, मेसेज एकच येणार होता. मग सोय चारदा कशी झाली? खिडकीवरचा क्लार्कसुद्धा चार तिकिटं एका झटक्यात फाडतो. याला तोड म्हणून त्यांनी रेल्वेचं उदाहरण काढलं. आयआरसीटीसीवर सुविधा शुल्क एका तिकिटाला एकदाच लागतं, मग त्या तिकिटावर एक प्रवासी असो की सहा. बिगर एसीला १५ रुपये, एसीला ३०, यूपीआयने भरलेत तर १० आणि २०, वर जीएसटी. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारने हा आकार माफ केला होता, तेव्हा अण्णा काही दिवस सरकारवर खूष होते. १ सप्टेंबर २०१९ पासून तो परत आला. गोड बोलून काढून घेतलेली गोष्ट परत येत नाही, पण माफ केलेली गोष्ट हटकून परत येते, असं त्यांचं मत आहे.

जीएसटीचा भाग तर मला स्वतःला नाटकापेक्षा नाट्यमय वाटतो. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्याला जीएसटी लागत नाही. ही मर्यादा आधी २५० होती, जानेवारी २०१८ मध्ये ती ५०० केली. (पुढच्या रांगांचं तिकीट बरोब्बर ५०० रुपयांवर येऊन का थबकतं, याचं कोडं ज्यांना पडलं असेल त्यांनी इथे थोडं थांबावं.) म्हणजे नट घाम गाळून तीन अंक करतात त्यावर कर नाही, ते बघण्यासाठी आम्ही आमच्याच सोफ्यावर बसून आमच्याच अंगठ्याने बटण दाबलं, त्यावर मात्र १८ टक्के. कलेला सरकारने सूट दिली आहे, अंगठ्याला दिलेली नाही.

अण्णांना वाटायचं, हे कुणीतरी कोर्टात न्यायला हवं. नेलेलं आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि पस्तावले, कारण मग पूर्ण निकाल समजावून सांगावा लागला. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटांवर असा वेगळा आकार घ्यायला मनाई केली होती. त्याविरुद्ध मल्टिप्लेक्सवाले आणि ऑनलाइन तिकीटवाले उच्च न्यायालयात गेले, २०१४ मध्येच आदेशांना स्थगिती मिळाली, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. कायद्याचा आधार नसताना सरकारला व्यवसायाच्या मूलभूत हक्कावर असा घाला घालता येणार नाही, आणि तिकीट थिएटरवर जाऊन काढायचं की ऑनलाइन, ही निवड ग्राहकाची आहे, असा एकूण मथितार्थ.

"म्हणजे मनाई होती तेव्हाही लोक भरत होते?"

"हो."

"आणि आता मनाई नाही, तर आता?"

"आताही भरतात."

अण्णांनी निकालाचा आदर राखून मान हलवली. ग्राहकाला निवड आहे हे त्यांना शंभर टक्के पटलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती बजावली.

पण त्याआधी ॲपच्या बाजूने दोन शब्द बोलायला हवेत, आणि मग विरुद्ध चार. माझी नणंद बारामतीला असते. तिला पुण्यातल्या नाटकाचं तिकीट हवं तर तिने खिडकीसाठी दोन वेळा एसटी करायची का? जी बाई साडेनऊ ते सात ऑफिसात असते, तिला सकाळी ११.३० ला मिटणारी आणि संध्याकाळी ५ ला उघडणारी खिडकी कधी दिसणार? कुणीतरी ते सर्व्हर चालवतं, कार्डाच्या व्यवहाराचे पैसे कुणालातरी जातात, रात्री दोन वाजता चौथी रांग मोकळी आहे का हे कुणीतरी सांगतं. याला पैसे पडणारच. माझा आक्षेप ३५ रुपयांना नाही, ते ज्या दाराने येतात त्याला आहे. तिकीट ४०० असं मोठ्या अक्षरात सांगायचं, नाव लिहायला लावायचं, नंबर घ्यायचा, घड्याळ लावायचं, आणि बोहल्यावर चढल्यावर हुंड्याची यादी वाचायची.

शिवाय यादीत बारीक अक्षरांत आणखी एक रुपया असायचा. कुठल्याशा चांगल्या कामासाठी देणगी. चौकटीत बरोबरची खूण आपल्याआधी कुणीतरी करून ठेवलेली. ती काढायची तर काढता यायची, पण एक रुपया वाचवण्यासाठी धर्मकार्याला नाही म्हणणारा माणूस म्हणून आपली कुठेतरी नोंद होत असेल, या धास्तीने ती काढवत नसे. माझी मैत्रीण तर म्हणते की तिने आयुष्यात केलेला दानधर्म बहुतेक असाच झालेला आहे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या चालींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. न विचारता टोपलीत देणगी टाकणं त्यात आहे, किंमत थेंबाथेंबाने उघड करणं आहे, 'शेवटच्या काहीच जागा' म्हणून उगाच घाई लावणंही आहे. विमा नको म्हटल्यावर 'मी असुरक्षित राहीन' असं बटण दाबायला लावण्याचं उदाहरण तर सरकारनेच दिलं आहे. वाचताना मला आपली दिवाळीतली साड्यांची खरेदी आठवली. पण तिथे निदान दुकानदार चहा पाजतो.

न्यू जर्सीतल्या भाच्याला हे सांगितलं तर तो हसला. त्यांच्याकडे गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटावर सर्व्हिस फी, मग सभागृहाची फी, मग ऑर्डरवर प्रक्रिया केल्याची फी, असा मानपानाचा क्रम असायचा. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत नियम लागू झाला की अशा तिकिटांची सगळी सक्तीची फी धरून एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवायची. "मग स्वस्त झालं?" मी विचारलं. "नाही मामी, पण आता राग एकदाच येतो."

तर अण्णा खिडकीवर गेले.

कोथरूड डेपोपासून बालगंधर्व रंगमंदिर पाच-साडेपाच किलोमीटर. पुण्यात रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. म्हणजे एका बाजूला नव्वदच्या आसपास, जाऊन-येऊन १८०. मेट्रोने कमी लागले असते, पण ३५ रुपये वाचवायला निघालेल्या माणसाला घाई असते. शिवाय इतक्या लांब गेलोच आहोत म्हणून एक कॉफी, आणि कॉफी घेतलीच आहे म्हणून सोबत काहीतरी. मी मनातल्या मनात बेरीज केली आणि गप्प बसले. सासऱ्यांच्या बेरजेत सुनेने हातचा धरू नये.

खिडकीचं एक मात्र कबूल करायला हवं, तिथे जे मिळतं ते ॲपच्या बापाला देता येणार नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. आत क्लार्क, त्यांच्यापुढे प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा छापील तक्ता, आणि गेलेल्या खुर्चीवर लाल पेन्सिलीची फुली. कित्येक प्रयोगांना आता तिथेही कॉम्प्युटर आला आहे, पण त्या दिवशी कागदच होता. अण्णांनी बोट ठेवलं. क्लार्कने मान हलवली.

"ती नका घेऊ. एसीचं वारं थेट मानेवर येतं. मागच्या आठवड्यात एक आजी मध्यंतरात निघून गेल्या."

"मग ह्या?"

"ह्या चांगल्या आहेत, पण ह्यांच्या पुढे एका मंडळाचं बुकिंग आहे. पंचवीस बायका आहेत. बोलणार त्या."

"मग तुम्ही सांगा."

क्लार्कने पेन्सील कानामागून काढली, तक्त्यावरून हळूहळू फिरवली आणि चार खुर्च्यांवर टेकवली. अण्णांनी डोळे मिटून होकार दिला. फिकट गुलाबी कागदाच्या पुस्तकातून चार तिकिटं फाटली, त्यांवर रांग आणि नंबर बॉलपेनने लिहिले गेले, मागे शिक्का बसला. हिशोब सोळाशे म्हणजे सोळाशे. पन्नासची नोट फाटकी आहे यावर मिनिटभर चर्चा झाली, ती फी धरायची तर धरा.

मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी ते नाटक आधी पाहिलेलं होतं. त्यांनी दुसऱ्या अंकात काय होतं ते आम्हाला सांगून टाकलं. हेही खिडकीवरच मिळतं.

बालगंधर्व १९६८ चं. तेव्हापासून त्या खिडकीपुढे पहाटे रांगा लावलेल्या माणसांची कथा पुण्यात घरटी एक तरी आहे, आणि प्रत्येक कथेत सांगणाऱ्याच्या पुढच्या माणसापाशीच तिकिटं संपलेली आहेत. त्यामुळे जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही. खिडकी ११.३० ला मिटते म्हणजे ११.२५ ला आतला हात कुलपाकडे जायला लागतो. पुढच्या तीन-चार रांगा 'ठेवलेल्या' असतात. कुणासाठी ते विचारायचं नसतं. आणि लाखोंचा मामला असेल तर खिडकी काय करणार? जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येणार होते, तेव्हा त्याआधीच्या सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी अख्खा देश ऑनलाइन रांगेत उभा होता. माझी मुलगीही. जेवणाचं ताट पुढ्यात, डोळे पडद्यावर, आणि पडद्यावर तिच्यापुढच्या माणसांचा लाखांतला आकडा. अण्णा मागून डोकावले आणि म्हणाले, "एवढ्या रांगेत पाय दुखत नाहीत, याचे मात्र मी पैसे दिले असते." मिळालं नाहीच. काळ्या बाजारात मागणारे मागत होते ते आकडे ऐकून ३५ रुपये ४० पैसे मला एकदम सोज्वळ वाटायला लागले.

माझा राग आहे तो मधल्या अवस्थेवर. एका नाट्यगृहावर आम्ही फी भरून, क्यूआर कोड फोनमध्ये घेऊन, ताठ मानेने दारापाशी गेलो, तर दारावरचा माणूस म्हणाला, "ऑनलाइन? खिडकीवर दाखवा, कागदी तिकीट घ्या." खिडकीवर दोन रांगा. रोख पैसे देणाऱ्यांची रांग भराभर सरकत होती. आमच्या रांगेत प्रत्येकाचा फोन उघडत होता, मेसेज सापडत नव्हता, स्क्रीनचा उजेड वाढत नव्हता, आणि आतले गृहस्थ आमचे नंबर पेनाने कागदावर उतरवून घेत होते. घंटा झाली, तेव्हा मी खिडकीपासून सहा माणसं लांब होते. सोयीची फी भरलेले आम्ही सगळे अंधारात खुर्च्या चाचपत बसलो.

तिकीट रद्द झालं तर ही फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, तेही ओघाने सांगते. अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी वहीतलं एक जुनं खातं उघडलं. नाव 'दंड'. त्यात आजवर फक्त नो-पार्किंगची एक पावती होती. आता तिला सोबत झाली.

खिडकीची मोहीम मात्र फत्ते झाली होती. तिकिटं टेबलावर ठेवून अण्णांनी जाहीर केलं, १४१ रुपये ६० पैसे वाचले. करमणूक, १६००. प्रवास, १८०. खाणे, ११०. वाचलेल्याचं खातं नसल्यामुळे ते वहीत दिसत नाहीत. मुलीने तोंड उघडलं होतं, मी तिला पोळी वाढली.

सोसायटीच्या ग्रुपवर ही बातमी मीच टाकली, गंमत म्हणून. संध्याकाळपर्यंत तीन घरांनी विचारलं, "अण्णा पुढच्या वेळी जाणार असतील तर आमचीही आणतील का? फी वाचेल." अण्णांना कोण आनंद! पुढच्या शनिवारी ते अकरा तिकिटांची ऑर्डर, रोख पैसे आणि कुणाला कडेची खुर्ची हवी, कुणाला गुडघ्यामुळे जिना नको, अशी यादी घेऊन गेले. त्याच्या पुढच्या वेळी तिकिटं सतरा झाली. आता क्लार्क त्यांना आत बसवून चहा देतात.

तिसऱ्या खेपेला मीच म्हटलं, "अण्णा, रिक्षाचे तुम्ही का भरायचे? वाटून घ्या." त्यांना ते व्यवहाराला धरून वाटलं. १८० रुपये भागिले सोळा तिकिटं, सव्वाअकरा; सुट्ट्यांची कटकट नको म्हणून तिकिटामागे १५. तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "खेप एकच ना अण्णा? मग चार तिकिटांचे चारदा का?" अण्णांनी त्यांना शांतपणे समजावलं की खुर्च्या चार शोधाव्या लागतात, वारं चार मानांचं बघावं लागतं, जबाबदारी वाढते.

मग एका नाटकाचा प्रयोग नटाचा घसा बसल्यामुळे रद्द झाला. खिडकीने तिकिटाचे पूर्ण पैसे परत दिले. अण्णांनी ते घरोघर पोचवले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मोजले आणि म्हणाले, "अण्णा, पंधरा-पंधरा कमी आहेत."

"ते परत नसतात," अण्णा म्हणाले. "प्रयोग झाला नाही, पण मी तर गेलो होतो ना?"

काकांनी पुढच्या नाटकाची तिकिटं ॲपवर काढली. हे अण्णांना लागलं. मंगळवारपासून ते वही घेऊन बसले आहेत, आणि पहिल्यांदा तिकीट काढणाऱ्या घराला फीत सूट द्यायचा त्यांचा विचार चालला आहे.